गुप्त प्रश्न म्हणे!

शिरगावची रुक्मिणीबाय सरकारी जनेलापुढे, म्हणजे खिडकीपुढे, मान वाकवून कधी उभी राहिली नव्हती. पणजीच्या भरती कार्यालयातही ती काही मागायला आली नव्हती. जाब विचारायला आली होती.

प्रकरण असं. तिची नात गौरवी, हिने एका खात्यातल्या कारकुनाच्या जागेसाठी सरकारी साइटवर अर्ज भरला होता. त्या खात्यात सहा वर्षांनी जागा निघालेल्या. परीक्षा रविवारी. गुरुवारी हॉल तिकीट काढायला पोर बसली, तर पडद्यावर अक्षरं आली : ‘अर्ज उमेदवाराने स्वतः मागे घेतला आहे.’ गौरवीच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षभर तिने पुस्तकातून डोकं वर काढलं नव्हतं.

“स्वतः मागे घेतला? वाढलेलं ताट कोण मागे सारतो गो?” रुक्मिणीबाय कडाडली, आणि शुक्रवारी सकाळी नातीला घेऊन तिने पहिली बस धरली.

जनेलामागे चष्मेवाला साहेब होता. वयाने तिच्या धाकट्या मुलाएवढा, पण बोलणं मामलेदाराच्या वरचं. त्याने संगणकात पाहिलं.

“मंगळवारी दुपारी पासवर्ड विसरला म्हणून नवा घेतलाय, आणि मग अर्ज मागे घेतलाय.”

“सर, मंगळवारी मी आईबरोबर दवाखान्यात होते. मोबाइलला हातही लावला नाही,” गौरवी म्हणाली. “मला मेसेजपण आला नाही.”

“मेसेजची सोय अजून सुरू व्हायची आहे. आम्ही गुप्त प्रश्न विचारतो. उत्तर बरोबर आलंय. म्हणजे तुम्हीच केलं, नाहीतर तुमचं गुपित तुम्ही बाहेर सांगितलं. चूक तुमची.”

पोरीचे डोळे भरले. रुक्मिणीबायने तिला कोपराने बाजूला केलं.

“गुपित कसलं? काय विचारतं तुझं मशीन?”

“आईचं माहेरचं नाव.”

रुक्मिणीबायला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तिच्या टाळूपर्यंत आग गेली. अरे, ज्या मुलखात नवरी मांडवात बसली की ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहितात, आणि जुनं कुठलं, नवं कुठलं, ते जेवायला आलेली तीनशे माणसं तोंडपाठ करून जातात, तिथे हे गुपित? तिची सून जानकी म्हणून आली, विनोदिनी झाली. सव्वीस वर्षं झाली, तरी राग आला की रुक्मिणीबाय परसातून “जानक्या!” म्हणूनच हाक मारते, आणि ती हाक अर्धा गाव ऐकतो. हे आठवलं तेव्हा रुक्मिणीबायच्या काळजात बारीक कळ उठली. पण लाज मशीनला वाटायला हवी होती, तिला नाही.

“गौरवी, शेवंतीक फोन लाव. सगळ्यांक ऐकू येऊ दी.”

शेवंती साखळी गावच्या बाजारात मासे विकते. ना नात्याची, ना गावची. फोन लागला.

“गे शेवंती, माझ्या सुनेचं माहेरचं नाव काय गो?”

“जानकी न्हय? तुमीच मरे विनोदिनी केलात! का गो बाय, परत माहेरा धाडतंस काय? आणि बांगडे ठेवू काय नको?”

रांगेतली पोरं खो खो हसली. साहेबाने चष्मा पुसला.

“ऐकलंस, पात्रांव साहेबा? मासेवालीला ठाऊक ते तुझं गुपित! कुलूप लावलंस आणि चावी बाजारात टांगलीस.”

“नुसतं नाव असून भागत नाही, आजी. अर्जाचा नंबर लागतो, जन्मतारीख लागते.”

“ती तर तुमच्या यादीत आहे, सर,” गौरवीला आता कंठ फुटला. “सगळ्या उमेदवारांची नावं, नंबर, जन्मतारखा, मोबाइल. साइटवर कोणीही उघडून बघतो.”

“ते पारदर्शकतेसाठी असतं.”

“न्हाणीला काच लावलीस तर तीपण पारदर्शकच!” रुक्मिणीबायने जनेलाच्या फळीवर थाप मारली. “माझ्या पोरीची जन्मतारीख, फोन, सगळं वेशीवर टांगलंस, कुणीतरी हलकटाने तिचा घास काढला, आणि चूक तिची? तुझ्या आईचं माहेरचं नाव लाव बघू दारावर!”

हसणाऱ्या रांगेचं लक्ष आता स्वतःच्या अर्जांकडे गेलं. एकेकाने खिशातून मोबाइल काढला आणि आपापला अर्ज उघडून बघायला लागला. मागून एक मुलगी ओरडली, “सर, माझापण मागे घेतलेला दाखवतोय!”

आता साहेब उठला. आत गेला. मोठ्या साहेबाला घेऊनच बाहेर आला. गौरवीकडून तक्रार लिहून घेतली, मागच्या मुलीकडूनही घेतली, सह्या झाल्या, शिक्का पडला. यादी संध्याकाळपर्यंत साइटवरून उतरवतो, असं मोठा साहेब तोंडाने म्हणाला. रुक्मिणीबायने तेही कागदावर लिहायला लावलं. दुपारी एकच्या सुमाराला गौरवीचा अर्ज परत जिवंत झाला.

“आता नवा गुप्त प्रश्न घालू, मग हॉल तिकीट निघेल,” चष्मेवाला साहेब कीबोर्डवर बोटं ठेवून मोठ्याने म्हणाला. “लहानपणीच्या मैत्रिणीचं नाव. हां, सांगा.”

रांगेत तीसेक माणसं. गौरवीने तोंड उघडलं. रुक्मिणीबायचा पंजा फटकन त्या तोंडावर बसला.

“ऊठ,” ती साहेबाच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली. “कदेल सोड. पोर आत येऊन स्वतःच्या हातान लिवतली. आणि खोटं लिही गो, खरं नको. तू रे, भिंतीकडे तोंड कर.”

साहेबाने मोठ्या साहेबाकडे पाहिलं. मोठा साहेब आधीच भिंतीकडे वळला होता.