शंभरातली एक

कुंडलिक मास्तरांनी चाकूच्या टोकानं तक्त्यातला एक आकडा खरवडून काढला, शाई फुटू नये म्हणून ती जागा कवडीनं घोटली आणि तिथं बेताचा दुसरा आकडा लिहिला. खोडलेला आकडा बिबिजानचा होता.

पुण्याच्या एका प्रोफेसरसाहेबांना माणसाच्या मनाचे नियम शोधायचे होते. त्यांच्या सांगण्यावरून मास्तरांनी जुन्नर आणि पिंपळवंडीतली शंभर माणसं गाठली. डोळे मिटायला लावून बोटाच्या पेरावर कंपासाची दोन टोकं टेकवायची आणि ती किती जवळ आली म्हणजे एकच वाटतात ते टिपायचं, एवढंच काम. साठी उलटली की स्पर्श मंदावतो, असा नियम सुरेख जुळत आला होता. तेवढ्यात कागदाच्या कारखान्यात बोटांनी चाचपून जाडे-पातळ ताव निवडणारी, सत्तरीची बिबिजान आडवी आली. टोकं भिडायला आली तरी बाई आपली 'दोन'च म्हणतेय! एका म्हातारीपायी नियम कुठं मोडायचा, असं मास्तरांना वाटलं.

पुण्याहून शाबासकी आली, तक्ताही परत आला. मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी तो कारखान्याच्या मालकाला, महंमद हनीफला, मोठ्यानं वाचून दाखवला. दुसऱ्याच दिवशी हनीफनं बिबिजानला घरी बसवलं.

चौथ्या दिवशी ती शाळेच्या ओसरीवर आली.

"मास्तर, माझं काय लिवलंय?"

"तुमच्या एकटीचं नाही, चाची. सगळ्यांचं मिळून आहे ते."

"हनीफभाऊ म्हनतो, तुझी बोटं मेली. चाळीस वर्सं ताव निवडले मी. घरी कुनी न्हाई, दिवसभर करू काय?" तिनं बोटं पुढं केली. "मेलीत का वो? तुमीच पायलं व्हतं."

मास्तरांनी तक्ता तिच्यापुढं सरकवला. तिला वाचता येत नाही म्हणूनच आपण तो सरकवला, हे त्यांचं त्यांना कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

बिबिजाननं तक्त्याकडं पाहिलंही नाही. सवयीनं त्याच्यावरून बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं, मागं आलं, पुन्हा थांबलं.

"हितं खरवडलंय."

"चुकला होता आकडा."

"कुनाचा व्हता?"

"चूक माझी होती, चाची."

"व्हतं, मास्तर. मानूस हाय." तिनं ताव सारखा करून परत दिला. "पन घोटलंय लई झ्याक. दुसऱ्या कुनाला कळनार न्हाई."

आत्ताच हनीफकडं जायला हवं, खरं सांगायला हवं, मग पुण्याला काय कळवायचं ते कळवू, असं स्वतःला बजावत मास्तर उठले आणि पागोटं शोधू लागले. खुंटीवर पाहिलं, बाकाखाली पाहिलं.

"डोक्यावर हाय," बिबिजान म्हणाली.