चौथ्या घंटेचा दांडा

शिकाऊ माणसानं चर्चच्या मनोऱ्यात एकट्यानं घंटेच्या दोराला हात लावायचा नाही, हे आमच्या घंटावादकांचे प्रमुख क्लेमेंट येलंडनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तरीही त्या शनिवारी मी लावला. बुधवारच्या सरावात आमच्याच चमूतल्या डेरेकनं सगळ्यांसमोर टोमणा मारला होता, "विनिफ्रेड, घंटा वाजवतेस की गाय ओढतेस?" तो जिव्हारी लागला होता.

चौथी घंटा तोंड वर करून उभी होती. तशी उभी घंटा एका लाकडी दांड्यावर टेकलेली असते. मी जोर जरा जास्तच लावला आणि वर 'कडक्' असा आवाज झाला. घंटा मात्र टेकून राहिली. मी शिडी चढून बघायला हवं होतं. मी दार ओढून घेतलं आणि घरी गेले.

रविवारी ती घंटा क्लेमेंटनी धरली. तडकलेला दांडा तुटला, घंटा उलटून फिरली, दोर सर्रकन वर गेला, आणि सोडायला त्यांना क्षणभर उशीर झाला. मनगट मोडलं.

"चूक माझीच," ते म्हणाले. "अठ्ठ्याहत्तरी उलटली. हाताचा अंदाज गेला." पुढच्याच आठवड्यात त्यांनी मनोऱ्याची किल्ली, म्हणजे प्रमुखपणच, डेरेककडे सोपवली. पन्नास वर्षं ती त्यांच्याकडे होती. मी तिथेच उभी होते, आणि गप्प होते.

तीन आठवडे असेच गेले. शेवटी घरी भाजलेली ॲपल पाय घेऊन मी त्यांच्या घरी गेले आणि ती टेबलावर ठेवायच्या आधीच सगळं बोलून टाकलं.

त्यांची बायको जोन दारात उभी राहून ऐकत होती.

"पोरी," ते म्हणाले, "मनगटाचं काही नाही गं. पण मी म्हातारा झालो, हे मी कबूल करून बसलो होतो."

"मी डेरेकला सांगते."

"सगळ्यांना सांग. बुधवारी, उभं राहून."

मी सांगितलं. डेरेकनं खिशातून किल्ली काढून माझ्याच हातात दिली आणि तो म्हणाला, "तूच नेऊन दे."

क्लेमेंटनी ती घेतली. प्लॅस्टर निघाल्यावर त्यांनी मला पुन्हा शिकवायला घेतलं, आधीपेक्षा कडकपणे. जोन मात्र अजून माझ्याशी बोलत नाही. चर्चमध्ये मी दिसले की ती दुसऱ्या बाकाकडे वळते. तिचं चुकतं असं मला वाटत नाही.