दुर्बिणीला न दिसलेला मज्जातंतू

मित्रांनो, मी एक जुना मज्जातंतू आहे. कसबा बावड्यातल्या शिवगंगाच्या मोठ्या आतड्यात माझा मुक्काम. केसाहून बारीक असल्याने मला कुणी पाहिलेलं नाही. आपली गोष्ट नीट सांगता येईल की नाही, याचीही धास्तीच वाटते.

अन्न पुढे सरकवायला मदत करायची आणि बिघडलं तर मेंदूला कळवायचं, हे माझं काम. शेजारी पांढऱ्या पेशींची वस्ती. त्या रोगजंतूंशी लढतात, म्हणून शाळेच्या पुस्तकात त्यांचं चित्र. माझं कुठे आहे? मी आतल्या आत जळत असे.

अठ्ठ्याण्णव साली या पेशी शत्रू नसतानाच खवळल्या. आतडं सुजलं, रक्त पडू लागलं. त्यांनी सोडलेल्या रसायनांनी मी पोळून निघे. मी कळवळलो की माझ्यातूनही रसायनं झरत आणि त्या रसायनांच्या मागावर आणखी पेशी धावून येत. दोघांचं दुखणं असं एकमेकांत गुंतलेलं. तरी डॉक्टर चौगुल्यांनी औषधं दिली ती त्यांना शांत करायला. विचारपूस त्यांचीच!

काही वर्षांनी सूज ओसरली. पेशी निवांत झाल्या. मी मात्र हबकलेलाच राहिलो. साधी भाकरी सरकली तरी मला सुरी फिरल्यासारखं होई आणि शिवगंगा पोट धरून बसे.

दुर्बिणीच्या तपासणीत आतडं स्वच्छ निघालं, तेव्हा सासूबाई मल्लव्वा डॉक्टरांसमोरच म्हणाल्या, "बघा की! आत काय न्हाय. कामाचं नाव काढलं की हिचं पोट उठतंय."

"आत्ती, खरंच दुखतंय ओ," शिवगंगा रडवेली झाली. "माहेरी धाडायचं तर धाडा, पर खोटारडी म्हणू नका."

"मावशी, ती खोटं बोलत नाही," डॉक्टर म्हणाले. "सूज गेली, पण तिथले मज्जातंतू अजून घाबरलेत. दुर्बिणीत ते दिसत नाहीत. दुखणं खरं आहे."

मित्रांनो, माझं नाव! शिवाय खास माझ्यासाठी एक लहानशी गोळी. मी पेशींकडे तिरक्या नजरेने पाहून घेतलं.

मल्लव्वांनी औषधाची चिठ्ठी पदराला बांधली. मग सुनेचा दंड धरून म्हणाल्या, "ऊठ. रिक्षानं जाऊ. तुज्यानं चालवायचं न्हाय."

ज्याचं दुखणं दिसत नाही, त्याला खोटं ठरवण्याआधी त्याचं ऐकून तरी घ्या, मित्रांनो. घरी आल्यावर मल्लव्वांनी सुनेच्या पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. ती ऊब सर्वांत आधी मला कळली. पेशींना त्यातलं काय कळणार?