सात कोरडे महिने

दिवस कधी उगवतो आणि कधी मावळतो, हे लाकडी सामानाला पॉलिश करणाऱ्या त्या पॉलिशवाल्याला हल्ली कळेनासं झालं होतं. लिव्हर निकामी झालं की रक्तातली घाण डोक्यात चढते, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याला मात्र ते तितकंसं वाईट वाटत नव्हतं. खुर्चीत बसल्या बसल्या खोली हलकेच तरंगायला लागायची, समोरच्या कपाटाच्या लाकडातल्या रेषा पाण्यासारख्या वाहायच्या, आणि त्या पाण्याच्या काठी तो ग्लास घेऊन बसलेला असायचा. स्वप्नात तो रोज प्यायचा, अगदी तब्येतीत. जागा झाला की जिभेवर चव असायची आणि छातीत धडधड.

जागेपणी मात्र सात महिने कोरडे गेले होते. सहा महिने पुरे झाल्याशिवाय या इस्पितळात लिव्हर बदलण्याचं कुणी नावच काढत नसे. लिव्हरचा तुकडा त्याची मुलगी देणार होती. एकुलती एक, नकाशांच्या कचेरीत नोकरीला, आणि बापावर गेलेली, म्हणजे हट्टी. लहानपणी तिने दारात उभं राहून किती वेळा विचारलं असेल, "बाबा, घेतलीत?" आणि हा पठ्ठ्या चौकटीला धरून, झोकांडी सावरत, तिच्या डोळ्यांत डोळे घालून सांगायचा, "छे! तुझी शप्पथ." थापा मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

आणि आता सगळं जुळून आलेलं असताना त्याच्या कालच्या लघवीच्या तपासणीत दारूचा अंश निघाला.

"खरं काय ते सांगा," इस्पितळातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या. "घेतली असेल, तर यादीतून नाव काढावं लागेल."

मुलगी शेजारीच बसली होती. संमतीचा कागद तिच्या मांडीवर होता, अजून सही न केलेला.

"बाबा, घेतलीत?"

खोली पुन्हा तरंगायला लागली. परवा दुपारी तो कुठे होता? ग्लास होता खरा. पण तो या काठावरचा की त्या? नाही म्हणून टाकणं किती सोपं होतं, जन्मभराची सवय होती. त्याने तोंड उघडलं आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"माहीत नाही, बाळा. रोज घेतो. स्वप्नात घेतो असं वाटतं. पण परवाची कुठली, ते मला खरंच सांगता येत नाही."

असल्या वेळी असलं उत्तर! कुणीही शहाण्या माणसाने सरळ कानावर हात ठेवले असते. बाईंचं पेन थांबलं. मुलगी उठली आणि निघून गेली. सुटली बिचारी, असं त्याला वाटलं, आणि मग त्याला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी तिने घरात सापडलेली एक बाटली त्याच्यासमोर बाईंच्या टेबलावर आणून आपटली.

"बाबा, हे काय?"

"स्पिरिट. पॉलिशची लाख विरघळवायला. ती पेटी अर्धवट राहिली होती ना, म्हणून बसलो जरा."

"जरा म्हणजे?"

"दुपारभर. हात शिवशिवत होते गं."

"खिडकी लावून?"

"थंडी वाजते मला."

बाईंनी डोक्याला हात लावला. "खोकल्याचं औषधसुद्धा घेऊ नका म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"नाहीच घेतलं," तो दुखावून म्हणाला. "पण पॉलिश कुणी पितं का, बाई?"

चाळीस वर्षं ज्या स्पिरिटात बोटं बुडवली, त्यातही दारूच असते आणि बंद खोलीत तिची वाफ श्वासातून अंगात जाते, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण नुसत्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? मग रक्ताची तपासणी झाली. मागच्या काही आठवड्यांत माणूस खरोखर प्यायला असेल, तरच ती तसं सांगते. आठ दिवस तो खुर्चीत तरंगत राहिला. नवव्या दिवशी बाई स्वतः सांगायला आल्या. रक्त स्वच्छ होतं, नाव यादीत कायम होतं.

त्या गेल्यावर तो मुलीला म्हणाला, "चला, आता निर्धास्तपणे सही कर."

"ती कधीच केली. त्या दिवशी तुमच्याजवळून उठले, ती सरळ खाली जाऊन सही करून आले."

तो बराच वेळ हिशेब लावत बसला. "पण बाटली तर तुला नंतर सापडली."

"हो."

"मग? मी घेतली असती तर?"

तिने त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"घेतली असतीत, तर तुम्ही 'नाही' म्हणाला असतात."