पक्का लेप

१९७६ साली देवमननं आरसा आसेगावला नेला आणि तिथंच चुकला. हौसेला मोल नसतं म्हणतात. याच्या हौसेला पडलं. चाचणीसाठी आरसा हैदराबादहून उत्तरेकडं न्यायचा होता, आणि ती गाडी आसेगावजवळच्या वाशीमवरूनच जायची. आई वाटेवर असताना सरळ पुढं जाईल तो लेक कसला?

आरसा रुपयाएवढा. प्रयोगशाळेत तीन वर्षं खपून त्यानं त्यावर एकवीस थरांचा लेप चढवला होता, सगळे मिळून केसाहून पातळ. लेसरचा झोत साध्या आरशाला जाळतो. हा टिकला तर देवमनचा लेप मंजूर होणार होता. लेप चढवायच्या यंत्राचा पंप बिघडल्यामुळं दुसरा आरसा वर्षभर तरी निघणार नव्हता. डबी वाटेत उघडायची नाही, असा सक्त हुकूम होता.

"तीन वर्सं कायले खपला बाबू तू? दाखव तं खरं," भागिरथा, त्याची आई, म्हणाली. त्यानं डबी उघडली, हात लावू नको म्हणून बजावलं आणि आंघोळीला गेला. परत आला तर आरसा बुद्धाच्या तसबिरीपुढं, पेटत्या मेणबत्तीशेजारी.

"धूर बसला होता थोडासा," आई म्हणाली. "पदरानं पुसला म्या. पाह्य, कसा चमकून राह्यला."

दिवसभर शेतात निंदण करून आलेला पदर तो. लेपावर ओरखडा उठायला मातीचा एक कण पुरतो. पण लेकाची कमाई तिनं तथागतापुढं ठेवली होती, तिला काय बोलणार?

"बरं केलं," तो म्हणाला.

चाचणीत पहिल्याच झोताला आरशावर ठिणगी उडाली. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ओरखडा दिसला, त्याच्या टोकाशी जळका खड्डा.

"लेप कच्चा आहे, की वाटेत कुणी हात लावला?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

खरं सांगितलं असतं तर लेप वाचला असता. नोकरी गेली असती, पण ती एक वेळ चालली असती. मात्र ही माणसं पुढं कित्येक वर्षं चहा पिताना त्याच्या आईच्या पदराला हसली असती. ते त्याला सोसणार नव्हतं. लेप पक्का होता हे जगात त्याला एकट्यालाच माहीत होतं, आणि त्याचा त्याला आता काडीचा उपयोग नव्हता.

"कुणीच लावला नाही, साहेब. लेपच कच्चा."

साहेबांनी तसं लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढं सरकवला. देवमननं सही केली.