आई : शेवटचं

रेडिओवर तो रोज सकाळी आईविषयी बोलायचा. ऐकणाऱ्यांना वाटे, काय हा मातृभक्त! ताई त्याची थोरली बहीण. या मातृभक्ताने कित्येक महिन्यांत आईच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरात त्याला ‘मधाचं बोट’ म्हणत. लावायचं आणि पसार व्हायचं.

नाटकाच्या मध्यंतरात गाडीची हरवलेली किल्ली माइकवरून पुकारण्यापासून त्याने सुरुवात केली. मग रेडिओ, मग टीव्ही, मग केसांच्या तेलाची जाहिरात. स्वतःच्या डोक्यावर टक्कल, पण आवाज घनदाट! पुढे तर शाळाशाळांतून माणुसकीवर व्याख्यानंही झोडू लागला. त्यात शुद्ध भाषेचं खूळ. स्टुडिओत कुणी ‘फायनल’ म्हटलं की साहेब नाकाने कांदे सोलायला लागायचे.

“शेवटचं म्हणा, शेवटचं! आपल्या भाषेला काय धाड भरलीय?”

तेव्हापासून तिथे पक्क्या झालेल्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या नावापुढे ‘शेवटचं’ असं लिहायची पद्धत पडली.

आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. तिचं मागणं एवढंच, “त्याला म्हणावं, मला भूल देण्याआधी एकदा तोंड दाखवून जा.” ताईने फोन लावला.

“अगं ताई, मरायलासुद्धा फुरसत नाही बघ,” तो म्हणाला. “पण मला सांग, आई आपल्याला झोपवताना काय गुणगुणायची? तिच्या हाताला कसला वास यायचा?”

ताईला वाटलं, पाघळला बिचारा. ती सांगत बसली. कपड्यांच्या साबणाचा वास, तापात कपाळावर ठेवलेली ओली घडी, शब्द विसरून नुसतीच घोळवलेली चाल. मध्येच तो म्हणाला, “हे जरा हळू सांग ना.” तिला केवढं भरून आलं! इतकी वर्षं ओळखूनही ती त्याला भुलली. नंतर या भोळेपणाचा तिला स्वतःचाच राग आला.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी मायलेकी रेडिओ लावून बसल्या. साहेब पुरस्कार घ्यायला परगावी गेलेले. आईसाठी वेळ नव्हता, शालीसाठी होता. जाताना त्यांनी दोन रेकॉर्डिंग ठेवली होती. एकाचं नाव ‘आई’, दुसऱ्याचं ‘आई : शेवटचं’. पहिलं त्या दिवशी लावायचं होतं. दुसरं आई गेल्यावर ऐनवेळी धावपळ नको म्हणून तयार ठेवलेलं. स्टुडिओतल्या माणसाने साहेबांच्याच नियमाने पक्कं कुठलं ते ओळखलं आणि लावलं.

“माझी आई आता या जगात नाही,” आवाज म्हणाला.

ताईच्या हातातली बशी सुटली. आवाज मात्र चालूच. साबणाचा वास आला, ओली घडी आली, चालही आली. “अखेरच्या क्षणी तिचा हात माझ्या हातात होता.” त्यापुढे हुंदका, अगदी मोजूनमापून. रेडिओ बंद करायला ताई उठली, पण आईने तिचा हात धरला.

“राहू दे. सगळं ऐकू दे मला.”

तेवढ्यात शेजारच्या काकू डोळे पुसत आत आल्या आणि उशीला टेकून बसलेल्या आईला बघून किंचाळल्याच. त्यांना पाणी देईपर्यंत फोन वाजला. आता तरी हा माफी मागेल, असं ताईला वाटलं.

“ताई, गाढवांनी घोटाळा केला गं! पण लोक ढसाढसा रडताहेत. माझा आजवरचा सगळ्यात गाजलेला कार्यक्रम! लगेच खुलासा नको करायला. तसंही उद्याचं ऑपरेशन नाजूक आहे ना?”

“अरे मेल्या, जनाची नाही तर मनाची तरी...”

आईने हात पुढे करून ताईकडून फोन घेतला.

“आई? तू ऐकलंस का गं?”

“कोण हवंय आपल्याला?”

“आई, मी बोलतोय!”

“त्या बाई वारल्या हो. आताच रेडिओवर सांगितलं. मुलाचा हात हातात होता म्हणे. सुखाने गेल्या.”

तिने फोन ठेवला. मग ती ताईकडे वळली.

“जरा माझे केस विंचरून दे. आणि उद्या दाराकडे बघत बसू नकोस. मला कुणाची वाट बघायची नाहीये.”