मामाच्या पाठीवरची गाठ

ताईच्या थोरल्याला मलेरियाने पार लोळवलं होतं. म्हणून धाकट्या ठोंब्यासाठी दवाखान्याने डास पळवणारं औषध लावलेलं कापड दिलं. मूल त्यात गुंडाळून पाठीला बांधायचं. नर्सबाईंना ते बांधून दाखवायला एक पाठ हवी होती. माझी रिकामी होती.

"ही गाठ काही सुटत नाही," असं म्हणून नर्सबाई पुढच्या वस्तीत गेल्या. बाई खरं बोलल्या होत्या.

मी शिंपी. कात्री हातातच होती.

"कापू का?"

"खबरदार! एकुलतं एक कापड आहे."

"ताई, भाऊही एकुलता एकच आहे."

"भावाला औषध लावलेलं नाही."

बसलो की ठोंब्या भोकाड पसरायचा, म्हणून दिवसभर दुकानात उभ्यानेच कापड बेतलं. एक गिऱ्हाईक तर 'कपडे कधी मिळतील' ते ठोंब्यालाच विचारून गेलं.

संध्याकाळी डास आले. माझ्या कानांवर, कपाळावर, कोपरांवर त्यांनी मनसोक्त ताव मारला. ताईने बॅटरी लावून ठोंब्याला नखशिखांत तपासलं. एकही डास चावला नव्हता. तिचे डोळे भरून आले. माझे सुजले होते.

तेवढ्यात नर्सबाई परतल्या. त्यांनी गाठीचं एक टोक ओढलं, कापड अलगद सुटलं आणि ठोंब्या ताईच्या हातात आला. मी कण्हत सरळ झालो.

ताईने बाहेरच्या अंधाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, याच्याच पाठीवर परत बांधा. डासांना हा जास्त आवडतो."

मी वाकलो.